एल्सवर्थ व्हाइन्स

हेन्री एल्सवर्थ व्हाइन्स ज्युनियर (सप्टेंबर, इ.स. १९११:लॉस एंजेलस, कॅलिफोर्निया, अमेरिका - १७ मार्च, इ.स. १९९४:ला क्विंटा, कॅलिफोर्निया, अमेरिका) हा अमेरिकन टेनिसपटू होता. पुढील काळात तो व्यावसायिक गोल्फपटू म्हणूनही नावारूपास आला. त्याने १९३१ व १९३२ साली अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेचे आणि १९३२ साली विम्बल्डनचे पुरुष एकेरी विजेतेपद मिळवले. १९३३ च्या अखेरीस व्यावसायिक झाल्यानंतर १९३४ ते १९३८ या काळात तो जगातील आघाडीचा व्यावसायिक खेळाडू होता.

व्हाइन्सचे फटके अतिशय वेगवान आणि जवळजवळ फिरकीविरहित असत. ते जाळीच्या वरच्या कडेपासून अगदी थोड्या अंतरावरून जात. हे फटके अचूक बसत तेव्हा त्याच्यासमोर कोणाचाही टिकाव लागत नसे. मात्र किंचित चूक झाली तरी चेंडू जाळीत अडके किंवा सीमारेषेबाहेर जाई. त्यामुळे टेनिसच्या इतिहासात तो दोन कारणांसाठी ओळखला जातो. आपल्या सर्वोत्तम दिवशी तो जवळजवळ अजिंक्य होता, आणि त्याच्या खेळात सातत्य नव्हते.

प्रारंभिक जीवन

व्हाइन्सचे बालपण लॉस एंजेलसजवळील पॅसाडेना या शहरात गेले. तेथील सार्वजनिक मैदानांवर तो टेनिस शिकला. किशोरवयात त्याला मर्सर बीझली हे प्रशिक्षक लाभले. पुढे अमेरिकन विजेता फ्रँक पार्कर यालाही बीझली यांनीच घडवले. व्हाइन्स उंच आणि सडपातळ होता. त्याची उंची सहा फूट दोन इंचांहून थोडी अधिक होती. टेनिसप्रमाणेच तो बास्केटबॉलही उत्तम खेळे आणि याच खेळामुळे त्याला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश मिळाला.

त्या काळी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोठ्या स्पर्धा हिरवळीवर होत, तर कॅलिफोर्नियातील मुले सिमेंटच्या मैदानांवर वाढत. सिमेंटवर चेंडूची उसळी एकसारखी असते आणि चेंडू वेगाने येतो. उसळीची खात्री असल्यामुळे जोरकस सर्व्हिस आणि पहिल्या संधीला निर्णायक फटका अशी खेळाची रीत तेथे रुजली होती. १९१२ व १९१३ चा अमेरिकन विजेता मॉरिस मॅक्लॉफ्लिन याने हीच रीत पूर्वेकडे नेली होती. व्हाइन्स त्याच परंपरेतला होता, परंतु वेगाच्या बाबतीत तो आपल्या पूर्वसुरींच्या पुढे गेला.

१९३० : पहिली झलक

१९३० च्या उन्हाळ्यात अठरा वर्षांचा व्हाइन्स पूर्व किनाऱ्यावरील स्पर्धांत उतरला. न्यू जर्सीतील सीब्राइट येथे त्याने फ्रँक हंटर आणि फ्रँक शील्ड्स या नामवंत खेळाडूंना हरवून अंतिम फेरी गाठली. तेथे त्याची गाठ सिडनी वुड याच्याशी पडली. वुडने वेगाला वेगाने उत्तर देण्याचे टाळले आणि संथ, बिनजोराचे चेंडू परतवत राहिला. येणाऱ्या चेंडूत जोर नसल्यामुळे व्हाइन्सला प्रत्येक फटक्याचा वेग स्वतः निर्माण करावा लागला. त्याच्या चुका वाढल्या आणि तो सामना हरला.

त्याच्याविरुद्ध कसे खेळावे, याचा धडा या सामन्यातून इतर खेळाडूंना मिळाला. पुढील तीन वर्षांत अनेकांनी हा उपाय करून पाहिला. काहींना त्यात यश आले, पण बहुतेकांना ते साधले नाही.

१९३१ : अमेरिकन विजेता

१९३१ साली व्हाइन्सच्या खेळात लक्षणीय सुधारणा झाली. न्यू यॉर्कमधील फॉरेस्ट हिल्स येथे झालेल्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात तो इंग्लंडच्या फ्रेड पेरीविरुद्ध पहिले दोन सेट हरला होता. तरीही त्याने ४-६, ३-६, ६-४, ६-४, ६-३ असा विजय मिळवला. अंतिम सामन्यात त्याने जॉर्ज लॉट याला ७-९, ६-३, ९-७, ७-५ असे नमवले. त्या वेळी त्याच्या विसाव्या वाढदिवसाला काही दिवस उरले होते. पिछाडीवर असतानाही सपाट फटक्यांचा मारा तसाच चालू ठेवणे, हे त्याचे वैशिष्ट्य या स्पर्धेत प्रथम ठळकपणे दिसले.

१९३२ : विम्बल्डन आणि पॅरिस

१९३२ साली व्हाइन्स प्रथमच विम्बल्डन खेळला आणि विजेता ठरला. उपांत्य सामन्यात त्याने ऑस्ट्रेलियाच्या जॅक क्रॉफर्डला ६-२, ६-१, ६-३ असे हरवले. अंतिम सामन्यात त्याने इंग्लंडच्या बनी ऑस्टिनला ६-४, ६-२, ६-० असे नमवले. या सामन्यातील सर्व्हिसच्या १२ गेममध्ये त्याने ३० बिनतोड सर्व्हिस केल्याची नोंद आहे. सामन्याचा शेवटही अशाच सर्व्हिसने झाला. चेंडू आपल्या डाव्या बाजूने गेला की उजव्या, हेही आपल्याला कळले नाही, असे ऑस्टिनने नंतर सांगितले.

काही आठवड्यांनी पॅरिसमधील रोलाँ गारोस येथे फ्रान्सविरुद्ध डेव्हिस चषकाची अंतिम लढत झाली. येथील मैदान लाल मातीचे होते आणि लढतीपूर्वी त्यावर पाणी मारून ते अधिक संथ केल्याची तक्रार अमेरिकनांनी केली. पहिल्याच सामन्यात ३३ वर्षांच्या जाँ बोरोत्राने व्हाइन्सला चार सेटमध्ये हरवले. पुढे बोरोत्राने विल्मर अ‍ॅलिसनवरही मात केल्याने चषक फ्रान्सकडेच राहिला. निकाल लागल्यानंतर झालेल्या शेवटच्या सामन्यात व्हाइन्सची गाठ आँरी कोशेशी होती. पहिले दोन सेट ४-६, ०-६ असे गमावल्यावर त्याने पुढील तीन सेट ७-५, ८-६, ६-२ असे जिंकले. एकाच लढतीत तीन दिवसांच्या अंतराने त्याच्या खेळाची दोन्ही रूपे पाहावयास मिळाली.

सप्टेंबरमध्ये फॉरेस्ट हिल्स येथे त्याने विजेतेपद राखले. उपांत्य सामन्यात क्लिफर्ड सटर याने त्याला ७५ गेमपर्यंत झुंजवले. व्हाइन्सने हा सामना ४-६, ८-१०, १२-१०, १०-८, ६-१ असा जिंकला. अंतिम सामन्यात मात्र त्याने कोशेला ६-४, ६-४, ६-४ असे सरळ सेटमध्ये हरवले. त्याच वर्षी कीथ ग्लेडहिलच्या साथीने त्याने अमेरिकन दुहेरीचे विजेतेपदही मिळवले. वर्षअखेरच्या क्रमवारीत त्याला जगात पहिले स्थान देण्यात आले.

खेळण्याची शैली

टेनिसचे मैदान ७८ फूट लांब असते. जाळीची उंची मध्यभागी ३ फूट आणि खांबांपाशी साडेतीन फूट असते. चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी दिली, म्हणजेच टॉपस्पिन दिला, तर तो हवेतून लवकर खाली येतो. त्यामुळे खेळाडूला चेंडू जाळीवरून बराच उंच मारूनही सीमारेषेच्या आत ठेवता येतो. सपाट फटक्याला अशी मदत मिळत नाही. तो खाली आणण्याचे काम केवळ गुरुत्वाकर्षण करते. फटका जितका वेगवान, तितका त्याला खाली यायला वेळ कमी मिळतो. म्हणून वेगवान सपाट फटका जाळीपासून काही इंचांच्याच अंतरावरून जावा लागतो.

व्हाइन्स फोरहँड आणि बॅकहँड असे दोन्ही फटके याच पद्धतीने खेळे. चेंडूला फिरकी देऊन सुरक्षित अंतर राखणे त्याच्या स्वभावात नव्हते. हात लांबवर मागे नेऊन तो पूर्ण ताकदीने फटका मारी. त्यामुळे चेंडूशी रॅकेटचा संपर्क अगदी योग्य क्षणी होणे आवश्यक असे. त्या काळातील लाकडी रॅकेट जड असून तिचा जाळीदार भाग आजच्या तुलनेत बराच लहान होता. मध्यभागापासून थोडे बाजूला चेंडू लागला तरी फटक्याची दिशा बिघडे. सर्व्हिसमध्येही तो फिरकीचा फारसा वापर करीत नसे.

अशा खेळाला वेगवान आणि एकसारखी उसळी देणारे मैदान अनुकूल असते. कोरडी हिरवळ, सिमेंट आणि बंदिस्त सभागृहातील मैदान येथे व्हाइन्स सर्वाधिक यशस्वी ठरला. मातीच्या मैदानावर चेंडूचा वेग कमी होतो आणि प्रतिस्पर्ध्याला चेंडूपर्यंत पोहोचण्यास वेळ मिळतो. तेथे एकेका गुणासाठी त्याला अनेक निर्णायक फटके मारावे लागत आणि प्रत्येक जादा फटक्यासोबत चुकीची शक्यता वाढत जाई.

१९३३ : अपयशाचे वर्ष

१९३२-३३ च्या हिवाळ्यात व्हाइन्स अमेरिकन संघासोबत ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला. ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या उपांत्यपूर्व सामन्यात सोळा वर्षांच्या व्हिव्हियन मॅकग्राने त्याला ६-२, २-६, ८-६, ७-५ असे हरवले. दोन्ही हातांनी बॅकहँड मारणाऱ्या पहिल्या नामवंत खेळाडूंमध्ये मॅकग्राची गणना होते. दुहेरीत मात्र व्हाइन्स आणि ग्लेडहिल विजेते ठरले.

विम्बल्डनमध्ये तो पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला. समोर पुन्हा क्रॉफर्ड होता, ज्याला त्याने आदल्या वर्षी सहज हरवले होते. या वेळी क्रॉफर्डने संयमाने खेळून व्हाइन्सच्या वेगाला आळा घातला. सामना पाच सेटपर्यंत रंगला. पाचव्या सेटमध्ये ४-५ अशा स्थितीत सर्व्हिस व्हाइन्सकडे होती. वर्षभरापूर्वी याच मैदानावर ज्या सर्व्हिसने त्याला विजेतेपद मिळवून दिले होते, तिच्यावर त्याला या गेममध्ये एकही गुण मिळाला नाही. क्रॉफर्डने सामना ४-६, ११-९, ६-२, २-६, ६-४ असा जिंकला. विम्बल्डनच्या इतिहासातील उत्कृष्ट अंतिम सामन्यांमध्ये या सामन्याचा उल्लेख केला जातो.

त्याच महिन्यात पॅरिस येथे ब्रिटनविरुद्ध डेव्हिस चषकाची आंतरविभागीय अंतिम लढत झाली. ऑस्टिनने त्याला ६-१, ६-१, ६-४ असे हरवून विम्बल्डनमधील पराभवाची परतफेड केली. पेरीविरुद्धच्या सामन्यात व्हाइन्सचा घोटा दुखावला. तरीही त्याने सामना पाचव्या सेटपर्यंत नेला. पेरीला मॅच पॉइंट मिळाला असताना तो मैदानावरच कोसळला आणि त्याला उचलून न्यावे लागले. ब्रिटनने ही लढत ४-१ अशी जिंकली आणि पुढे फ्रान्सला हरवून डेव्हिस चषकही मिळवला.

फॉरेस्ट हिल्स येथे चौथ्या फेरीत ब्रायन ग्रँटने त्याला ६-३, ६-३, ६-३ असे सरळ सेटमध्ये पराभूत केले. सुमारे ५ फूट ४ इंच उंचीचा ग्रँट चिवटपणे चेंडू परतवण्यासाठी प्रसिद्ध होता. सीब्राइटमध्ये वुडने जे केले होते, तेच ग्रँटने राष्ट्रीय स्पर्धेत करून दाखवले. याच स्पर्धेच्या वर्षी एलिझाबेथ रायनच्या साथीने मिळालेले मिश्र दुहेरीचे अमेरिकन विजेतेपद हे व्हाइन्सचे हौशी खेळाडू म्हणून शेवटचे मोठे यश ठरले.

व्यावसायिक कारकीर्द

त्या काळी विम्बल्डन, अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धा, डेव्हिस चषक इत्यादी सर्व प्रमुख स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी होत्या. खेळण्याचा मोबदला स्वीकारणाऱ्या खेळाडूला त्यांचे दरवाजे कायमचे बंद होत. ही बंदी १९६८ साली उठली. व्हाइन्सने ऑक्टोबर १९३३ मध्ये व्यावसायिक होण्याचा करार केला, तेव्हा तो अवघा २२ वर्षांचा होता. त्यानंतर तो विम्बल्डनमध्ये स्पर्धक म्हणून कधीही उतरू शकला नाही. त्यामुळे त्याच्या नावावर एकेरीची केवळ तीन प्रमुख विजेतेपदे दिसतात. त्याची योग्यता केवळ या आकड्यावरून ठरवणे योग्य नाही.

व्यावसायिक टेनिसचे स्वरूप वेगळे होते. दोन प्रमुख खेळाडू गावोगावी फिरून एकमेकांविरुद्ध सामने खेळत आणि दौऱ्याच्या शेवटी ज्याचे विजय अधिक, तो श्रेष्ठ मानला जाई. बंदिस्त सभागृहांत जमिनीवर कॅनव्हास अंथरून मैदान तयार केले जाई. सामना संपला की ते गुंडाळून पुढच्या शहरात नेले जाई. खेळाडू रात्रीचा प्रवास करून दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळण्यास उभे राहत.

व्हाइन्सचा पहिला व्यावसायिक सामना १० जानेवारी १९३४ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिल टिल्डनविरुद्ध झाला. चौदा हजारांहून अधिक प्रेक्षक उपस्थित होते. टिल्डन चाळीस वर्षांचा होता, तरीही त्याने ८-६, ६-३, ६-२ असा विजय मिळवला. दौरा पुढे सरकत गेला तसे चित्र पालटले आणि अखेरीस व्हाइन्स ४७-२६ असा विजयी झाला. फिरकी, संथ चेंडू आणि बदलता वेग यांचा टिल्डन हा जाणकार होता. अशा प्रतिस्पर्ध्याशी रोज रात्री खेळावे लागल्यामुळे व्हाइन्सच्या खेळात पूर्वी नसलेली स्थिरता आली. हौशी काळापेक्षा व्यावसायिक काळातील व्हाइन्स अधिक परिपूर्ण खेळाडू होता, असे त्याच्या अनेक समकालीनांचे मत होते. मात्र हा काळ वर्तमानपत्रांच्या आणि विक्रमांच्या नोंदींत तुलनेने दुर्लक्षित राहिला.

१९३४, १९३५ आणि १९३६ अशी सलग तीन वर्षे त्याने लंडनमधील वेम्बली येथील व्यावसायिक स्पर्धा जिंकली. १९३५ साली त्याने फ्रेंच व्यावसायिक स्पर्धाही जिंकली. मातीवरील पूर्वीचे अपयश लक्षात घेता हे यश विशेष होते, कारण ती स्पर्धा रोलाँ गारोसच्या मातीवर झाली आणि अंतिम सामन्यात त्याच्यासमोर मातीवर वाकबगार असलेला जर्मनीचा हान्स न्युसलाइन होता.

पेरी आणि बज यांच्याशी स्पर्धा

सलग तीन वेळा विम्बल्डन जिंकलेला फ्रेड पेरी १९३६ च्या अखेरीस व्यावसायिक झाला. ६ जानेवारी १९३७ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेल्या पहिल्या सामन्यास १७,६३० प्रेक्षक उपस्थित होते. हा सामना पेरीने चार सेटमध्ये जिंकला. अमेरिकेतील दौऱ्याच्या अखेरीस मात्र व्हाइन्स ३२-२९ असा पुढे होता. १९३८ च्या दौऱ्यात हे अंतर वाढून ४९-३५ झाले. प्रतिस्पर्धी असूनही दोघांनी मिळून कॅलिफोर्नियातील बेव्हर्ली हिल्स टेनिस क्लब विकत घेतला होता.

१९३८ साली चारही प्रमुख स्पर्धा एकाच वर्षात जिंकणारा पहिला खेळाडू डॉन बज हा व्हाइन्सचा पुढचा प्रतिस्पर्धी होता. १९३९ च्या जानेवारीत झालेला पहिला सामना बजने ६-३, ६-४, ६-२ असा सहज जिंकला. संपूर्ण दौऱ्यातील निकाल मात्र बजच्या बाजूने २२-१७ असा, म्हणजे तुलनेने निसटता राहिला. बजचे फटकेही जोरकस होते, परंतु त्याच्या खेळात चढउतार फार कमी होते. दोघांमधील फरक मुख्यतः याच बाबतीत होता.

त्याच वर्षी बेव्हर्ली हिल्स येथे झालेल्या अमेरिकन व्यावसायिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात व्हाइन्सने पेरीला ८-६, ६-८, ६-१, २०-१८ असे हरवले. चौथ्या सेटमध्ये ३८ गेम खेळले गेले. यानंतर व्हाइन्सचे टेनिसमधील लक्ष कमी होत गेले आणि वयाच्या तिशीच्या आतच तो या खेळापासून दूर झाला.

गोल्फ

टेनिस सोडल्यानंतर व्हाइन्स गोल्फकडे वळला आणि १९४० च्या दशकात व्यावसायिक गोल्फपटू झाला. १९४६ साली त्याने मॅसॅच्युसेट्स ओपन आणि १९५५ साली युटा ओपन या स्पर्धा जिंकल्या. गोल्फमधील प्रमुख स्पर्धांपैकी एक असलेल्या पीजीए स्पर्धेत १९५१ साली तो उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. त्या वेळी ही स्पर्धा दोन खेळाडूंमधील थेट सामन्यांच्या स्वरूपात होत असे. वॉल्टर बर्केमोविरुद्ध निर्धारित ३६ होलनंतर बरोबरी झाली आणि ३७ व्या होलवर व्हाइन्स पराभूत झाला. दोन भिन्न खेळांत व्यावसायिक पातळीवर इतके यश मिळवणारे खेळाडू मोजकेच आहेत.

उत्तरायुष्य आणि मूल्यमापन

१९६२ साली न्यूपोर्ट येथील टेनिस हॉल ऑफ फेममध्ये व्हाइन्सचा समावेश करण्यात आला. १९७८ साली जीन व्हायर यांच्यासोबत लिहिलेले त्याचे टेनिस: मिथ अँड मेथड हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात नामवंत खेळाडूंच्या तंत्राची चिकित्सा केली आहे. १७ मार्च १९९४ रोजी ला क्विंटा येथे त्याचे निधन झाले.

व्हाइन्सचा सर्वाधिक प्रभाव जॅक क्रेमरवर पडला. किशोरवयात व्हाइन्सचा खेळ पाहिल्यानंतर क्रेमरने टेनिस गांभीर्याने घेतले आणि १९४७ साली तो विम्बल्डन विजेता झाला. जोरकस सर्व्हिस करून लगेच जाळीकडे धाव घेण्याची पद्धत क्रेमरच्या पिढीने रूढ केली. तिच्यामागे कॅलिफोर्नियातील आक्रमक खेळाची परंपरा होती आणि व्हाइन्स हा त्या परंपरेतील महत्त्वाचा दुवा होता. क्रेमरने आपल्या आत्मचरित्रात दीर्घकाळच्या सातत्याच्या दृष्टीने बजला सर्वश्रेष्ठ मानले. मात्र प्रत्येक खेळाडू आपल्या सर्वोच्च पातळीवर खेळला, तर व्हाइन्सला कोणीही हरवू शकणार नाही, असे मतही त्याने नोंदवले.

१९३२ चा ऑस्टिनविरुद्धचा अंतिम सामना आणि १९३३ चा ग्रँटविरुद्धचा पराभव यांमध्ये चौदा महिन्यांचे अंतर होते. या काळात त्याची खेळण्याची पद्धत बदलली नव्हती. तेच फटके काही इंचांच्या फरकाने कधी आत पडले, कधी बाहेर गेले.

प्रमुख विजेतेपदे

पुरुष एकेरी (हौशी)
- अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धा : १९३१, १९३२
- विम्बल्डन : १९३२

दुहेरी व मिश्र दुहेरी (हौशी)
- अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धा, दुहेरी : १९३२ (कीथ ग्लेडहिलसह)
- ऑस्ट्रेलियन स्पर्धा, दुहेरी : १९३३ (कीथ ग्लेडहिलसह)
- अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धा, मिश्र दुहेरी : १९३३ (एलिझाबेथ रायनसह)

एकेरी (व्यावसायिक)
- वेम्बली : १९३४, १९३५, १९३६
- फ्रेंच व्यावसायिक स्पर्धा : १९३५
- अमेरिकन व्यावसायिक स्पर्धा : १९३९